डावा राखाडी

कुणी भाव विचारला की ती आधी अंगठ्याने माशाचा कल्ला उघडायची. आत लालभडक. "आधी बघा, मग बोला." मी मात्र आधी बोलणारा. सणसरहून बारामतीला येऊन हातगाडीवर पंपाचे वॉशर विकत स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

भिगवणहून ती सकाळच्या गाडीने मासे घेऊन यायची. सगळी आळी तिला आक्का म्हणायची. तुमच्याकडेही अशी एखादी असेल. भाव तसूभर सोडत नाही, आणि तरी आपण तिचीच वाट पाहतो. "शेठ, तुमी वरडा, मी हितं बसते," म्हणत ती पायरीवर टेकायची. शेवटी दमायचो मीच.

नव्वदनंतर मी घर बांधलं. फरशी, दारं, खिडक्या, सगळं माझ्या पसंतीने, घासाघीस करून घेतलेलं. बायकोने एवढंच मागितलं, "बाहेरच्या खोलीचा रंग तरी मला ठरवू द्या." पेंटरने भिंतीवर दोन राखाडी पट्टे ओढले. मला दोन्ही सारखेच दिसले. उजव्यावर दुकानदार सूट देत होता, म्हणून मी म्हटलं उजवा. बायको म्हणाली डावा. घरात भांड्यांचा आवाज वाढला.

मी आक्काला पंच नेमलं. मी तिचं एवढं जुनं गिऱ्हाईक, माझीच बाजू घेणार! पायांना वास येतो म्हणून ती उंबऱ्यातच थांबली. पाटीतली चिलापी उचलली, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि मासा त्या पट्ट्यांसमोर धरला.

"उजवा बर्फातला हाय, शेठ. डावा आज सकाळचा."

"तुला हिनं आधीच पढवलंय!"

"आधी बघा, मग बोला."

डावा लागला. वर त्या दिवशी बायकोने आक्का म्हणेल त्या भावाने चिलापी घेतली, माझ्यादेखत. दोघींचं संगनमत होतं, हे मी आजही म्हणतो.

पुढे आक्का यायची थांबली. गुडघे धरले, लेकीकडे दौंडला गेली, असं कुणीतरी सांगितलं.

गेल्या दिवाळीआधी तीच खोली पुन्हा रंगवायला काढली. नव्या पेंटरनेही दोन राखाडी पट्टे ओढले. "दोन्ही सारखंच हायत, शेठ. कुठलाबी घ्या."

माझं डोकंच तापलं. तडक स्वयंपाकघरात गेलो, बाजारातून आणलेली चिलापी शेपटीला धरून उचलली, उंबऱ्यात उभा राहिलो आणि हात लांब केला.

"एक डोळा मिटा की," बायको मागून म्हणाली.