पट्टीच्या कार्डावरचं नाव

जूनचा पहिला रविवार, दोन हजार सहाशे रुपये, पाच पट्ट्या. हजर आम्ही तिघं: वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, शिरूरहून आलेला धाकटा भाऊ आणि मी. पैसे माझे, पट्ट्या धाकट्यानं आणलेल्या.

आबांच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता. गोळ्यांनी दुखणं थांबेना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची पट्टी दिली. औषध अफूच्या जातीचं, पण कारखान्यात बनलेलं. आमच्या दौंडच्या दुकानांत मिळत नाही. पुण्याच्या इस्पितळातून, तिथल्या कार्डावर नाव असलेल्यानंच घ्यायचं, आणि वापरलेल्या पट्ट्या परत दिल्याशिवाय नव्या मिळत नाहीत. पहिल्या दिवशी मी कुरकुंभला कामावर होतो. आबांबरोबर धाकटा गेला. कार्डावर त्याचं नाव लागलं.

दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायची. त्या दिवशी आबा सकाळपासून दाराकडे बघत. त्यांना कुशीवर वळवायचो मी, बेडपॅन धुवायची माझी बायको. धाकटा मोटरसायकलवर यायचा, पट्टी लावून तळहातानं दाबून धरायचा, आणि आबा तिथल्या तिथं म्हणायचे, "आता बरं वाटलं."

"आबा, हिचा गुण यायला अर्धा दिवस लागतो. डॉक्टर म्हणाले," मी एकदा म्हणालो.

"तुला डॉक्टर सांगत्यात, मला माझं अंग सांगतं. त्याच्या हाताला गुण हाय." मग म्हणाले, "पर एवढी बंदोबस्तात का ठेवत्यात रं ही?"

"लोक हिच्या औषधाचे भाऊबंद चोरून बनवतात. रेणूचा एक तुकडा बदलायचा, नाव बदलायचं. कायद्यानं एकावर बंदी आली की बाहेर दुसरं तयार. जरा जास्त झालं की माणसाचा श्वासच थांबतो. म्हणून एकेका पट्टीचा हिशेब."

आबा हसले. "म्हंजी तुमच्या दोघांवानीच. घर एक, तुकडा येगळा."

धाकटाही हसला. मला काही हसू आलं नाही.

जुलैत धाकट्याला कंपनीत रजा मिळेना. मी रजा टाकून वापरलेल्या पट्ट्या घेऊन पुण्याला गेलो.

"काका, कार्डावर तुमचं नाव नाही," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"मी थोरला मुलगा आहे."

"असाल हो. पण कायद्याची वस्तू आहे. पेशंटची सही आणा, नाव बदलून देते."

संध्याकाळी कागद आबांपुढं धरला.

"दोघांचीबी नावं टाक."

"एकच चालतं."

पेन हातात धरून ते थांबले. "त्याला राग यील."

माझ्या रागाचा विचार त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. मी धाकट्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "करा की सही, आबा. दादाच जवळ हाय," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की तेही मला लागलं. मग आबांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या सहीनं पाच पट्ट्या मिळाल्या. घरी येऊन मी हात धुतले, जुनी पट्टी काढली, नवीचा कागद सोलायला घेतला. आबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. त्याची पाळी सुटली आसंल. यील तो."

"दुखणं वाढेल आबा."

"वाढू दे."

साडेसहाला धाकटा आला. पट्टी लावली, तळहात ठेवला. "आता बरं वाटलं," आबा म्हणाले.

दोन हजार सहाशे मी इस्पितळात भरले होते. धाकटा निघाला तेव्हा आबांनी उशीखालून पाचशेची नोट काढली आणि पेट्रोलला म्हणून त्याच्या हातात दिली.