दुसरा तेरा

गुरमेज सिंगला तोंडावर सगळे 'वॉरंटसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'गिनतीसिंग'. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. पंजाबच्या दोआब्यातल्या त्या लष्करी विमानतळावर औजारखान्याच्या खिडकीमागे तो बावीस वर्षं उभा होता. त्या खिडकीतून बाहेर गेलेला पाना असो, पिन असो की नखाएवढा स्क्रू असो, तो परत आल्याशिवाय किंवा विमानात आपल्या जागी बसल्याशिवाय विमान हलायचं नाही. एकदा केरळातून नव्याने आलेल्या कॉर्पोरल मुरलीधरनने विचारलं होतं, "एका स्क्रूने काय आभाळ कोसळणार आहे, पाजी?"

"आभाळ नाही कोसळत रे बाबा," गुरमेज म्हणाला, "विमान कोसळतं."

माणूस तसा खडूसच. रोज सकाळी धुक्यात सगळे जवान खांद्याला खांदा लावून धावपट्टीवर खडे वेचत चालायचे, कारण विमानाचं इंजिन समोर येईल ते गिळतं, मग तो खडा असो की मेलेली साळुंकी. गुरमेजला आता त्या रांगेत चालायची गरज नव्हती, तरी चालायचा. वेचलेलं सगळं त्याच्या खिडकीतल्या लोणच्याच्या बरणीत जायचं आणि नवा माणूस आला की बरणी त्याच्या नाकासमोर धरली जायची. दिल्लीहून तपासणीला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या खिशातलं पेन त्याने सगळ्यांदेखत काढून घेतलं होतं. "विमानात चढायचंय ना सर? मग हे इथे राहील. चिठ्ठी देतो, जाताना घेऊन जा." साहेबांनी निमूट चिठ्ठी घेतली. तेव्हापासून त्याच्या वाटेला कोणी जात नसे.

घरी मात्र त्याची डाळ शिजायची नाही. बायको निरंजन कौर ताटात वाढता वाढता म्हणायची, "सरदारजी, रोट्या खायच्या असतात, त्यांची हजेरी घ्यायची नसते."

त्याची मोजण्याची तऱ्हा त्याच्या बापाची होती. बाप धान्याच्या मंडीत मापारी. त्या मुलखात मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'बरकत' म्हणतो. आणि तेराव्या मापाला थांबून दोनदा म्हणतो, 'तेरा, तेरा.' पहिला तेरा आकड्याचा, दुसरा देवाचा; पंजाबीत 'तेरा' म्हणजे 'तुझा', म्हणून 'सगळं तुझंच'. गुरू नानक सुलतानपूरच्या कोठारात धान्य मोजताना तेरावर आले आणि 'तेरा, तेरा' म्हणत तिथेच रमले, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. गुरमेज स्क्रूसुद्धा तसेच मोजायचा. बरकत, दोन, तीन, आणि असं करत बारा, तेरा, तेरा, चौदा. दुसऱ्या तेराला बोट तेराव्या स्क्रूवरच टेकलेलं असायचं, पुढे सरकायचं नाही. आणि मोजताना कोणी बोललं की संपलंच. "मोजणी चालू असताना तोंड बंद! आता पुन्हा पहिल्यापासून."

त्या जानेवारीत महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. चौतीस वर्षं नोकरी आणि कागदावर एक शाईचा डाग नाही.

त्या दिवशी सकाळी एका विमानातलं वैमानिकाच्या आसनाखालचं झाकण उघडलं होतं. जुने स्क्रू झिजलेले, म्हणून नवे हवे होते. मुरलीधरन खिडकीशी आला. गुरमेजने डब्यातून मूठभर स्क्रू फडक्यावर ओतले आणि मोजायला लागला. बारावर आला तेवढ्यात मुरलीधरन म्हणाला, "पाजी, तुमच्या निरोपाच्या जेवणाला कोंबडी की नुसताच सरसोंचा साग?"

एरवी तो खेकसला असता. पण जायचे दिवस जवळ आले की माणूस मऊ होतो. "तेरा... साग! आणि वर लोणी, नाहीतर मी जातच नाही... तेरा, चौदा," असं हसत हसत म्हणत तो चोवीसपर्यंत गेला. वहीत चोवीस लिहिले. तासाभराने मुरलीधरन सहा परत घेऊन आला. अठरा झाकणात बसले, सहा परत, हिशेब चोख. दोघांनी सह्या केल्या आणि विमान उड्डाणाला मोकळं झालं.

अकराच्या पुढे धुकं फाटलं, छान ऊन पडलं. गुरमेज भिंतीला पाठ टेकून बसला आणि त्याने डबा उघडला. निरंजन कौरने सगळ्यांसाठी पिन्न्या दिल्या होत्या, तुपात भाजलेल्या कणकेचे ते लाडू थंडीत तिथे घरोघर होतात. कागदावर मांडत, मुरलीधरनशी गप्पा मारत त्याने मोजल्या. "एकोणीस. वीस म्हणाली होती ही! बघ, एक स्वतःच खाल्ली असणार."

मुरलीधरनने मान वाकडी करून पाहिलं. "वीसच आहेत की, पाजी. तुम्ही दोन पिन्न्यांना तेरा म्हणालात."

"काय?"

"बारानंतर एक तेरा, मग पुढची पण तेरा. मला वाटलं तुमच्यात तसंच मोजतात."

गुरमेजने पुन्हा मोजल्या, वीस भरल्या. बोट सरकलं होतं. बावीस वर्षांत कधी सरकलं नव्हतं ते आज बोलण्याच्या नादात सरकलं. आणि सकाळी? सकाळीही आपण बोलतच होतो. साग, लोणी, खी खी खी! तेव्हाही बोट सरकलं असेल, तर फडक्यावर चोवीस नव्हते, पंचवीस होते. वहीत बाहेर गेलेले चोवीस आणि हिशेबाला आलेलेही चोवीस, म्हणजे पंचविसावा कोणी शोधणारच नाही. डबा आधीच अर्धा वापरलेला, त्यावरूनही काही कळायचं नाही. त्याने डोळे मिटून ते बोट आठवून पाहिलं. आठवेना.

लांब धावपट्टीच्या तोंडाशी तेच विमान उभं होतं. आत फ्लाइट लेफ्टनंट बोरठाकूर, सव्वीस वर्षांचा, जोरहाटचा. आज त्याचा उलट्या उड्डाणाचा सराव होता. विमान आकाशात उलटं झालं की आत तळाशी पडलेला स्क्रू तरंगतो आणि कुठेही जाऊन अडकतो. विमान वळवायच्या दांड्याच्या बुडाशी अडकला तर वैमानिकाने कितीही जोर लावला तरी विमान वळत नाही.

पिन्न्या सांडल्या. पंच्याऐंशी किलोचा गुरमेज फोनकडे धावला. उड्डाण थांबवायचा हक्क तिथे झाडूवाल्यालाही आहे, पण वही बरोबर असताना तो वापरायला छाती लागते. "टॉवर! थांबवा! ते विमान परत बोलवा! माझी मोजणी चुकली आहे!"

विमान परत आलं. पाठोपाठ अभियांत्रिकीचे प्रमुख, स्क्वॉड्रन लीडर चेंगप्पा, वही घेऊन आले. ते चिडले होते.

"वॉरंटसाहेब, वही जुळते आहे. खाली तुमची सही आहे."

"सही माझीच आहे, सर. बोट घसरलं."

"नक्की?"

"नक्की नाही."

"मग?"

"नक्की असतं तर मीच हुडकून आणला असता, सर. नक्की नाही, म्हणून थांबवलं."

चेंगप्पांनी वही मिटली. "आसन काढा," ते म्हणाले.

झाकण उघडलं. अठराचे अठरा स्क्रू जागेवर निघाले. मुरलीधरनचे खिसे उलटे केले, हँगरची फरशी झाडली, आरसा आणि बॅटरी घालून कोपरान् कोपरा पाहिला. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. काही नाही. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "गिनतीसिंगला आता घरी जाऊ द्या, म्हातारा थकला." गुरमेजला ऐकू गेलं. ते बोचलं, पण त्याहून जास्त दुसरीच गोष्ट छळत होती. स्क्रू सापडला नाही तर हे लोक झाकण लावतील, आणि तो पोरगा उद्या उडेल.

"सर, एकदा दांडा हलवून बघू द्या. चारी बाजूंना, अगदी टोकापर्यंत."

"उडण्याआधी मी हलवला होता, पाजी," बोरठाकूर म्हणाला. "सुरळीत होता."

"पुन्हा हलवा. माझ्यासाठी."

बोरठाकूर वाकून आत शिरला. दांडा पुढे गेला, मागे आला, उजवीकडे गेला. सगळं ठीक. मग मागे ओढून डावीकडे टोकाला नेला, आणि दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणाच्या घडीतून काहीतरी सुटून खाली पडलं. टिंग.

हँगरमध्ये चाळीस माणसं होती. सगळ्यांनी ती टिंग ऐकली. बोरठाकूरने तो स्क्रू तळहातावर घेतला आणि गुरमेजसमोर धरला.

संध्याकाळी चेंगप्पांनी गुरमेजला खोलीत बोलावलं, बसवलं, चहा मागवला. "पंधरा दिवस राहिलेत तुमचे. हे मी सगळ्यांना तोंडी सांगेन. वहीत तुमचं नाव नको."

"वहीत नाही लिहिलं तर पुढच्या खिडकीवाल्याला कळणार कसं, सर?" आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: मोजताना बोललो, बोट सरकलं, एक स्क्रू जास्त गेला. चूक माझी. खाली गुरमेज सिंग, वॉरंट ऑफिसर. चौतीस वर्षांच्या कोऱ्या कागदावर शेवटी त्याने स्वतःच डाग पाडला. अशा माणसाला काय म्हणावं! मी तर हात जोडीन.

त्या दिवसापासून त्याने दुसरा तेरा टाकला. बापाची शिकवण होती, सोडवत नव्हतं. तेरावर आला की घशात अडकायचं, गिळून पुढे जायचा. निरंजन कौरला सांगितलं तेव्हा ती रोटी लाटायची थांबली. मग म्हणाली, "देवाला ऐकू येतं हो, तोंडाने नाही म्हटलं तरी."

शेवटच्या दिवशी खिडकीत शेवटची मोजणी होती, योगायोगाने त्याच विमानासाठी. मुरलीधरन ओठ घट्ट मिटून उभा. त्याच्यामागे उड्डाणाच्या पोशाखात बोरठाकूर. गुरमेज मोजत होता. बरकत, दोन, तीन... अकरा, बारा, तेरा. बोट तेराव्यावर थांबलं.

"पाजी," बोरठाकूर म्हणाला, "दुसरा राहिला."

"तो मी आता म्हणत नाही."

"मग मी म्हणतो." त्या पोराने मुरलीधरनला बाजूला सारलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, गुरमेजच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "तेरा."

गुरमेजला समोरचे स्क्रू दिसेनासे झाले. फडक्याच्या टोकाने त्याने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग सगळे स्क्रू एकत्र करून पुन्हा मधोमध ओतले.

"मोजताना बोलायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं, साहेब!" तो खेकसला. "आता पुन्हा पहिल्यापासून. बरकत..."