ऋतुजाच्या डोळ्यात घरचा कापूस

माझी भाची ऋतुजा हिच्या दोन्ही डोळ्यांत आज दुपारी लेन्स नीट बसल्या. चष्म्याच्या दुकानातल्या ताईंनी व्हिडिओ कॉलवर पाहून तसं सांगितलं.

उद्या यवतमाळला कबड्डीची जिल्हा निवड आहे. चष्मा घालून खेळता येत नाही. तिच्या डोळ्यांचा नंबर सिलिंडरचा, म्हणजे ठरावीक कोनातला, म्हणून लेन्सवरची बारीक खूण खालच्या बाजूला यावी लागते, नाहीतर समोरचं धूसर दिसतं.

बाभुळगावला बहिणीकडे सकाळपासून हेच चाललं होतं. लेन्स घातली की ऋतुजा ओरडायची, "टोचून राह्यलं!"

"बोट नीट कोरडं कर ना!" म्हणत बहीण दर वेळी तिला कापसाचा बोळा द्यायची. यंदा भाव नाही, त्यामुळे आतली खोली कापसानं भरलेली आहे.

शेवटी मी ऋतुजाचं बोट उजेडात धरलं. टोकाला कापसाचा तंतू!

"आई, माह्या डोळ्यात कापूस भरून राह्यली का तू?"

"बाजारात कोणी घेत नाही, म्हटलं घरात तरी कामी येईन!"

हसू ओसरल्यावर ऋतुजानं हात धुऊन वाऱ्यावर सुकवले. पुढच्याच खेपेला लेन्स बसली.

सिलिंडरवाल्यांनो, धावपळीत लेन्स फिरली तर काय करता? उद्या एसटीत तुमची उत्तरं ऋतुजाच मला वाचून दाखवेल, चष्म्याशिवाय.