आईला विचारून केलेली भाषांतरं

मेहकरच्या दीपमालाताई जर्मन कंपन्यांचे करार इंग्रजीत करतात, तेही घरच्या ओट्यावर बसून, हे ऐकून बसस्टँडवरचा माणूस आधी हसतो. हसू द्या. जर्मन करारातलं वाक्य अर्धं पान चालतं, पण काम नेमकं करणार कोण हे सांगेल तर शपथ! त्यावर ताईंनी स्वतःचा उपाय काढलाय. प्रत्येक कलम आधी वऱ्हाडीत आईला ऐकवायचं. आईचा, चांगुणाबाईंचा, जन्म लोकांच्या वावरात मजुरी करण्यात गेला, अक्षरओळख नाही. त्या एवढंच विचारतात, "पण हे करीन कोण?" उत्तर सापडलं की ताई इंग्रजी लिहायला घेतात.

मार्चात पुण्याच्या एका एजन्सीकडून जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या एका नर्सचा करार आला. त्यात होतं, राहण्याच्या जागेसाठी कंपनी प्रयत्नशील राहील.

"म्हंजे देत नाई," चांगुणाबाई म्हणाल्या.

ताईंनी इंग्रजीत 'प्रयत्न करील' एवढंच लिहिलं. एजन्सीचे चंद्रशेखर फोनवर कुरकुरले, "'घर देईल' लिहा की! काय बिघडतं?" ताई बधल्या नाहीत.

चौथ्या दिवशी ती नर्सच दारात उभी. वरवट बकालची सुवर्णा. भाषांतराखालचा ताईंचा पत्ता धरून, बस बदलत आलेली.

"घर भेटते म्हणून तं सासूनं हो म्हटलं. आता तुमच्या कागदात तसं नाई, तं ते जाऊ देत नाई. बदला ना ताई तेवढा शब्द!"

दवाखान्यातल्या पाळ्या करत तीन वर्षं जर्मन शिकलेली पोर. ताईंचा जीव तुटला. खोटं कशाला सांगू, हात कीबोर्डवर गेलासुद्धा.

"थांब व," चांगुणाबाई मध्येच बोलल्या. "मालक 'जेवणाचं पाहू' म्हने, त्या दिवशी आमी भाकर बांधूनच वावरात जावो. त्या कंपनीलेच पूस ना, देते का नाई."

ताईंनी तिथल्या तिथं मेल लिहिली. दुपार कलता उत्तर आलं. जागा देता येणार नाही, आपली आपण शोधावी. इतकं साधं जर्मन, की सुवर्णानं स्वतःच वाचलं. मग पदरानं तोंड पुसून तिनं सासूला, झुंबरबाईंना, फोन लावला.

"आई, घर नाई भेटत. तरी मले जायचं हाय."

पलीकडे झुंबरबाईंनी पंखा बंद केला.

"मंग खोटं काऊन नाई सांगतलं? मी काय जर्मनीले पाह्याले येणार होती?"

खोटं लिहून घ्यायलाच तर सुवर्णा इथवर आली होती. ती रडायला लागली.

"रडू नको. जाय," झुंबरबाई म्हणाल्या. "पण पहिल्या महिन्याची खोली इथूनच ठरवून जाय. आन तिकडं काही दुखलं-खुपलं, तं तेबी असंच खरं सांगत जाय मले."