हद्दीपलीकडचं बाळंतपण

गंगाधरराव वकील गेल्याचा निरोप चौसाळ्याच्या शाळेत आला, तेव्हा माझ्या हातातला खडू गळून पडला. महिना उलटला, तरी तेव्हा मनात आलेला पहिला विचार जात नाही, आणि तो सांगायची लाज वाटते… आता आपल्या बाजूनं कोण बोलणार?

निजाम सरकारची नोकरी मुलकीला, म्हणजे इथल्या माणसाला. माझे वाडवडील चौसाळ्याचेच; पण मी आईची पहिली खेप. रिवाजाप्रमाणे ती बाळंतपणाला माहेरी गेली, आणि माहेर नगरकडं, इंग्रजी हद्दीत. काही वर्षांमागं कुणीतरी तेवढंच हेरून माझ्यावर अर्ज ठोकला. मुलकी कुणाला म्हणायचं, यावर बीडच्या कचेरीत वाद लागला. समोरच्या वकिलानं इंग्रजांच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडलं: जो जिथं जन्मला, तो तिथला. निकाल देणारे साहेबही त्या पुस्तकाकडं आदरानं बघू लागले. नोकरी तर जाणारच, पण मग या गावात मी कोण?

गंगाधरराव उठले. घरून आणलेल्या तांब्यातून घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "हुजूर, विलायतेत पहिलटकरीण माहेरी जाते का, मला ठाऊक न्हाई. आमच्याकडं जातीच. हे पुस्तक इथं लावलं, तर घरोघरचं थोरलं लेकरू परकं ठरंल. आपल्या शब्दाचा अर्थ आपल्या रिवाजातून काढावा."

साहेब हसले. मला कामावर जायला सांगितलं. लेखी मात्र काहीच दिलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "भ्या न्हाई वाटलं तुमाला?"

"लई वाटलं, मास्तर."

मला ती थट्टाच वाटली. भर कचेरीत मिशीला पीळ देणारा माणूस तो!

परवा गंगाधररावांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. माझ्या सुनेला सातवा लागलाय, पहिलीच खेप, आणि तिचंही माहेर नगरकडंच. पाठवू की नको, हे विचारायला आता माणूस नव्हता. वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांचा जन्म बी तिकडचाच हाय. तुमचा निकाल उलटला असता, तर उद्या ह्यांच्या वकिलीवर बी अर्ज आला असता. त्या दिवशी घरी येऊन लई थरथरत व्हते…"

कोनाड्यातला तोच तांब्या त्यांनी माझ्या हाती ठेवला.

सुनेची माहेरी जायची गाडी मीच जुंपायला सांगितली. तांब्या रोज भरून ठेवतो. उद्या नातवंडावर अर्ज आला, तर बोलायची पाळी आता माझी आहे, आणि मला फार भीती वाटते.