अर्धी भाकरी

“अर्धीच वाढ तिला,” थोरल्या काकू आईला हळू आवाजात म्हणाल्या. पण स्वयंपाकघर लहान, पाटावर बसलेल्या माझ्या भाचीला ते ऐकू गेलं. तिनं पुढे केलेलं ताट खाली ठेवलं. आईनं भाकरी मोडली आणि अर्धी परत टोपलीत टाकली. मी शेजारीच जेवत होते. मान वर केली नाही.

ताईची ही मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे सोलापूरला आली होती. अकरा वर्षांची, अंगानं भरलेली. आल्या दिवशीच काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दहीभात दुसऱ्यांदा मागायचा नाही असं ठरलं, दुपारचे शेंगदाणे-गूळही बंद झाले. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, ऊन उतरलं, की गल्लीतली पोरं लगोरी मांडायची. ही उंबऱ्यापर्यंत जायची आणि आतून काकूंची हाक यायची. आता ती मोठी झाली, पोरांत धावणं शोभत नाही म्हणे. म्हणजे खायचंही नाही आणि पळायचंही नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पी.टी.च्या बाई मैदानाला फेऱ्या मारायला लावत. वाढत्या वयात पोटभर जेवा, पालेभाजी खा, रोज खेळा, असं सांगत. ते सगळं मला इंग्रजीत पाठ होतं. भाचीसाठी एकदा ते काकूंना मराठीत सांगायला गेले, तर वाक्य मध्येच अडकलं. पुस्तकातलं हाय व्हय, म्हणून त्या हसल्या. मी रिकामी कळशी उचलून नळावर गेले.

पुढच्या आठवड्यात उडदाचे पापड होते. शेजारच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. पीठ कुटून झालं की पोरांना तेलात बुडवलेली एकेक लाटी द्यायची, ही आमच्याकडची रीत. गल्लीतली पोरं खेळ टाकून घामाघूम धावत आली, लाटी तोंडात टाकून परत पळाली. सगळ्यांत शेवटी भाचीनं हात पुढे केला.

“तुला न्हाय,” काकू म्हणाल्या. “मावशीकडं बघ की जरा. तुझ्याएवढी होती तवा लई गुबगुबीत होती. हिचं जेवण आमी निम्म्यावर आणलं. आता बघा, शेवग्याची शेंग.”

बायका हसल्या आणि सगळ्या माझ्याकडे वळून पाहू लागल्या. एकीनं कंबरेचं कौतुक केलं. मी पदर ओढून घेतला. तिच्याएवढी होते तेव्हा मी शाळेत नळाचं पाणी पिऊन पोट भरत असे, मैत्रिणींच्या डब्यांचा वास येऊ नये म्हणून मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन बसत असे, हे त्या पोरीला कोण सांगणार? मैदानावर चक्कर येऊन पडले तेव्हा बाईंना ऊन लागलं म्हणून सांगितलं होतं. घरात तेवढंही सांगितलं नाही. आणि आज तीच मी, तिच्यापुढे उदाहरण म्हणून बसले होते.

भाचीनं माझ्या कंबरेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. हाताला काही लागलंच नव्हतं.

माझं लाटणं थांबलं. शेजारणी अजून हसतच होत्या, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

“तिला लाटी द्या, काकू. मला तेव्हा रोज भूक लागायची.”