सुपाकडे न पाहता

माझी पीएच.डी. एका बंद काचेच्या नळीत अडकली होती. नळीतल्या वायूवर लेसर सोडला की वायू तापतो, त्याचे रेणू तुटतात, आणि तुटलेले रेणू आणखी प्रकाश शोषतात. मग तापमान एकतर पार चढतं, नाहीतर पार उतरतं. मला ते मधे थांबवायचं होतं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला, असं सरांनी शांतपणे सांगितलं होतं.

उपाय पुस्तकात होता. प्रकाश ठरलेल्या तालावर भराभर कमी-जास्त करत राहायचा, आणि नळीत काय चाललंय ते पाहून हात घालायचा नाही. याला ओपन-लूप म्हणतात. माझा हात मात्र बटणावरून निघत नसे. आकडा हलला की मी दुरुस्ती करी, ती उशिरा पोचे, आणि सगळं बिघडे.

उन्हाळ्यात सिहोऱ्याला घरी गेलो. आई मालिका पाहत तांदूळ पाखडत होती. मी सूप मागून घेतलं. चार झटक्यांत अर्धे तांदूळ अंगणात.

"कोंबड्यायले जेवण देऊन राहिला का?"

"सरकते ना माय."

"तू पाहू पाहू पाखडून राहिला. दाणा सरकला का तुहा हात थांबते. सूप चालू ठेव, तांदूळ आपोआप बसते."

"अन् तू कुठं पाहते?"

"मी सुनेले पाहून राहिली. सासू आता काढते तिले बाहेर."

नागपूरला परतल्यावर मी यंत्राला ताल लावून दिला आणि हात खिशात घालून खिडकीशी उभा राहिलो. बरेच ताल फसले. दिवाळीच्या आठवडाभर आधी एक जमला. तापमान मधे आलं, जरा थरथरलं, आणि तिथेच राहिलं. मी आईला फोन केला.

"माय, थांबलं."

"कोण?"

"नळीतलं."

"बरं झालं. जेवला का?"

थंडीत आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी, जेवणाचे तांदूळ पाखडायला मावशीने आईचं सूप माझ्या हातात दिलं. माझी फजिती आईने गल्लीभर सांगून ठेवली होती, त्यामुळे बायका हसायच्या तयारीतच बसल्या होत्या.

"टीव्ही लावू का?" मावशीने विचारलं.

"राहू दे."

बंद टीव्हीकडे पाहत मी सूप चालू केलं. तांदूळ बसले. थोडे सांडले, तेवढ्यात कोंबड्या आल्याच.